‘नाही’ कुठे गेलं?

मंगळावरच्या नव्या वसाहतीत शाल्मलीनं बनवलेलं सूचनेचं वेबपान भिंतीएवढ्या पडद्यावर झळकत होतं : ‘बोगदा सुरक्षित नाही’. शेजारी लाल त्रिकोण. ती कौतुकानं बघत होती, तोच केतकीआत्याचा निरोप आला.

“शालू, तुझी सूचना वाचली. बोगदा सुरक्षित! गाडी काढलीच. बोगद्याच्या दारापाशी पुन्हा एकदा पान बघेन.”

शाल्मली हबकली. “खटपट्या, आत्या उलटं कसं वाचते?”

खटपट्या रोबोनं छातीवर आत्याच्या मनगटपडद्याएवढा चिमुकला पडदा उघडला. लाल त्रिकोण नेमका ‘नाही’वर बसला होता!

“म्हणजे मीच तिला जा म्हणाले?”

“तुझा त्रिकोण म्हणाला. तू त्याला उजव्या कडेला खिळवलंस. पडदा आकसला, कडा जवळ आली, स्वारी शब्दावर चढली. ही अ‍ॅब्सोल्यूट मांडणी (पक्की जागा). शेजारी कोण आहे, ते ती बघतच नाही.”

शाल्मलीनं आत्याला फोन लावला. उत्तर नाही. गाडी चालवताना आत्या फोन घेत नसे, निरोपही उघडत नसे. आता दारापाशी ती बघणार होती ते पानच.

“मग ग्रिड (आडव्या-उभ्या घरांची जाळी) करू?”

“ती शाळेच्या वेळापत्रकाला. वार आडवे, तास उभे, दोन्ही जुळायला हवेत. तुझ्याकडे एक वाक्य आणि एक चित्र, तेही एका ओळीत.”

“मग पंगत! जागा कमी पडली की सरकायचं, मावलं नाही तर खालच्या ओळीत बसायचं.”

“वा गं! तीच फ्लेक्सबॉक्स (लवचीक ओळ). पण ओळ मोडायला परवानगी दे, नाहीतर सगळे अंग चोरून तिथेच कोंबून बसतील.”

शाल्मलीनं मांडणी बदलली. चिमुकल्या पडद्यावर वाक्य पूर्ण दिसलं. त्रिकोण मुकाट्यानं खाली उतरला. आत्याचा मात्र पत्ता नव्हता.

मग पडद्यावर आत्याचा निरोप चमकला. “अगं ए! हे ‘नाही’ कुठून उगवलं? गाडीचं पुढचं चाक बोगद्यात होतं माझं! वळवली हो, वळवली.”



“आता सगळ्या बोगद्यांचं वेळापत्रक करायचं?” खटपट्यानं हळूच विचारलं.

“करू. ग्रिडमध्ये.” भिंतीवरच्या झगमगत्या पडद्याकडे पाठ फिरवून ती म्हणाली, “पण आधी तुझा तो चिमुकला पडदा उघड.”