शीव नसलेली जागा

आधी चहा घे गं स्मिता, मग पेन हातात घे. तुझे आईवडील पहिल्यांदा बहारीनला येताहेत, आठवडाभर राहणार, त्यांना काय काय दाखवायचं ते विचारायला माझ्याकडे आलीस हे बरं केलंस. या कामात माझा हात धरणारं कुणी नाही. माझा नवरा राजन म्हणायचा, "चारू, तुला सरकारनं टूरिझम खातं द्यायला हवं." पाहुणा विमानातून उतरायच्या आत त्याचा कुठला दिवस कुठे जाणार हे माझं ठरलेलं असायचं. त्यात कुणी लुडबुड केलेली मला मुळीच खपायची नाही.

हं, लिही. पहिला दिवस मनामाचा. सूकमध्ये, जुन्या बाजारात, शिरायचं, मसाल्यांच्या गल्लीतून हिंडायचं, आणि सोन्याच्या दुकानांपुढे आईला उभं राहू द्यायचं नाही, नाहीतर तिथेच संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी जुना किल्ला, आणि तिथून बुदैयाच्या रस्त्यानं खजुरीच्या बागा. एक सकाळ तुबलीच्या खाडीवर. ओहोटी बघून जायचं, चिखलात रोहित पक्षी उतरलेले असतात. आणि एक अख्खा दिवस दक्षिणेकडे ठेव. वाळवंटातलं ते एकटं झाड बघायचं, प्राण्यांचं अभयारण्य बघायचं.

फक्त त्या दक्षिणेच्या दिवशी घरून जेवूनच निघायचं. वाटेत डबा उघडायचा नाही. का ते सांगते. हसू नकोस. आणि तो एसी जरा बारीक कर, मला हे मोठ्यानं बोलवत नाही.

ब्याऐंशी सालची गोष्ट. माझी धाकटी बहीण हेमा पुण्याहून आली होती. लग्न ठरलं होतं तिचं. म्हटलं, एकदा संसारात पडलीस की कुठली येतेस, आत्ताच हिंडून जा. आईची नोकरी, त्यामुळे हेमाला मीच वाढवलेली. वेण्या मी घातल्या, पाढे मी घोकून घेतले, दोन रट्टेही मीच दिले. तिला विमानतळावर बघितलं तेव्हा लेक माहेरी आल्यासारखं वाटलं मला.

तो दक्षिणेचा दिवस आला. मी पहाटे उठून पुऱ्या लाटल्या, बटाट्याची भाजी केली, दहीभात कालवला. निघायला उशीर झाला आणि रस्त्यातच भुका लागल्या. वाटेवर ते मातीचे ढीग लागतात ना, हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांचे? एकाला लागून एक, नजर जाईल तिथवर. राजननं डॅटसन तिथे उभी केली. एका ढिगाच्या पायथ्याशी वीतभर सावली होती, तिथे आम्ही सतरंजी अंथरली.

आता राजन पडला कणकवलीचा. बँकेत अकाउंटंट, सूट-बूट, पण उघड्या माळावर जेवायला बसलं की पहिलं पान जागेवाल्याचं. त्यांच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो म्हणे. त्याच्या शिवेत शिरलं की त्याला पान वाढायचं, गाऱ्हाणं घालायचं, आणि शीव ओलांडताना त्याचा निरोप घ्यायचा. मी पुण्याची, मी काय गप्प बसते? म्हटलं, "अरे, तुझ्या राखणदाराला इथला व्हिसा कुणी काढून दिला?"

"चेष्टा नको गं," म्हणाला, आणि कागदी बशीत दहीभात, पुरी, खोबऱ्याचा तुकडा घेऊन त्या ढिगाशी उभा राहिला. "बा देवा म्हाराजा, हयसरच्या जागेवाल्या, आज ही आमची पोर तुझ्या शिवेत इली आसा. तिका तुझ्या पदरात घातलंय. सांभाळून घी, म्हाराजा..."

हेमाला कोण मजा वाटली! हात जोडून तीच खिदळत म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

तेवढ्यात वारा पडला. पडला म्हणजे अगदी पडला. सतरंजीचं टोक मघापासून फडफडत होतं, ते गप्प झालं. आणि एक वास आला, ओल्या मातीचा. पहिल्यांदा नांगर घातल्यावर येतो तसा. त्या रखरखीत उन्हात, जिथे वर्षवर्ष थेंब पडत नाही तिथे. मी राजनकडे बघितलं, तो पुरी खात होता. म्हटलं, आपल्याच नाकाला भास.

जेवलो. सावली सरकून गेली. हेमा ढिगाला टेकून बसली होती, डोळ्यांवर हात धरून. म्हणाली, "ताई, ऊन लागतंय. निघायचं ना?"

"चला, चला," मी म्हटलं. ती उठली, साडी झटकली, गाडीत मागे जाऊन बसली. हे मी या डोळ्यांनी बघितलंय गं. शपथेवर सांगते.

अभयारण्यात कुंपणाशी हरणं आली होती. राखणाऱ्या माणसानं आमच्या हातात हिरवा चारा दिला. माझ्या हातातला चारा ती ओढून ओढून खात होती. हेमानं हात पुढे केला, अगदी एका पाडसाच्या नाकासमोर. त्यानं मान मागे घेतली नाही, बुजलं नाही. तिथे काही नाहीच अशा थाटात तिच्या हातावरून वळलं आणि माझ्याकडे आलं. हेमानं टाळ्या वाजवल्या, हाका मारल्या. एकाचा कान हलला नाही. "शहाणी आहेत, पुणेरी माणूस ओळखतात," राजन म्हणाला. आम्ही हसलो. हेमा हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुबली. आभाळ भरलेलं, पाणी लांब हटलेलं, चिखलात गुलाबी पाखरंच पाखरं. ही जात इतकी बुजरी की मागच्या गॅरेजांमधून हातोडा वाजला तरी थवा उठतो. हेमा चपला काढून चिखलात उतरली आणि चालत राहिली. मी ओरडले, "पुढे जाऊ नकोस, उडतील!"

उडाली नाहीत. ती त्यांच्या मधोमध गेली. तिच्या साडीचा काठ त्यांच्या पायांना लागत होता, आणि पाखरं माना खाली घालून चिखल चाळत होती. मला आधी कौतुकच वाटलं, म्हटलं कॅमेरा आणायला हवा होता. मग ती आमच्याकडे वळली. डोळ्यांवर हात धरला होता. सूर्याचा पत्ता नव्हता गं आभाळात.

"ताई," तिनं विचारलं, "डबा आवरू का? निघायचं ना आता?"

मी म्हटलं, "कुठला डबा, हेमा? डबा काल होता..."

"ऊन लागतंय," ती म्हणाली.

घरी आणली, पडदे ओढले, एसी लावला. पांघरुणात झोपून डोळ्यांवर हात. "ऊन लागतंय. किती वेळ बसायचं गं इथे?" मी म्हणायचे, "अगं, तू घरी आहेस, गादीवर आहेस." ती मान हलवायची, खायला दिलं की खायची, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. डॉक्टरनं तपासलं, ताप नाही, उन्हाचा त्रास म्हणाला, गोळ्या दिल्या. कप्पाळ उन्हाचा त्रास!

राजन मात्र पांढराफटक पडला होता. स्वयंपाकघरात मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "चारू, निरोप राहिला."

"कसला निरोप?"

"जागेवाल्याचा. आमच्याकडे शिवेवर दगड असतो, तिथे थांबून सांगतात, आमचं माणूस आम्ही नेतो. इथे शीव कुठे आहे? सगळं सपाट. मला वाटलं विमानतळावर जाताना पुलावर सांगीन, तिथे समुद्र येतो... मी तिला त्याच्या पदरात घातली, चारू. परत मागितलीच नाही."

एरवी मी त्याला फाडून खाल्ला असता. त्या दिवशी म्हटलं, "ऊठ. गाडी काढ."

हेमाला मागे बसवली, नारळ घेतला, दहीभात घेतला. लांबूनच धूळ दिसली. स्मिता, तिथे ढीग नव्हता. एक नाही, आजूबाजूचे कितीतरी नव्हते. बुलडोझर फिरत होते, चुन्याच्या रेघा मारलेल्या. राजननं मुकादमाला विचारलं तर तो आनंदानं सांगायला लागला, नवं टाउन होणार, रस्ते होणार, घरं होणार. राजननं विचारलं, "इथे ढीग होता तो?" त्यानं दोन्ही हात झटकले. "खलास!"

राजन त्या सपाट मातीवर नारळ घेऊन उभा राहिला. "बा देवा म्हाराजा..." म्हणाला आणि पुढे त्याला शब्द सुचेना. इकडे तोंड केलं, तिकडे केलं. "कुणापुढे घालू गं गाऱ्हाणं?" म्हणून एवढा मोठा माणूस मुलासारखा रडायला लागला. मी त्याच्या हातातला नारळ काढून घेतला.

गाडीतून हेमाची हाक आली. "ताई, मला उठव ना."

मी धावले. तिचे दोन्ही हात धरले, गाडीबाहेर काढली, माझ्यासमोर उभी केली. ती पायांवर नीट उभी होती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

"उठव ना गं," ती म्हणाली. "माझ्यानं उठवत नाहीये."

व्हिसा संपला तशी पाठवली. पुलावर राजननं गाडी थांबवून समुद्राकडे तोंड करून काय काय म्हटलं. ऐकायला कुणी असेल असं वाटलं नाही. हेमा विमानात चढली, पुण्याला पोचली, ठरल्याप्रमाणे लग्नही झालं. आता सहा वर्षं होतील. स्वयंपाक करते, सणवार करते, विचारलं तर उत्तर देते. सासरचे खूश आहेत, म्हणतात, सून किती शांत आहे! मी सुट्टीवर गेले की तिच्या शेजारी बसते. ती मला चहा देते. पण माझी हेमा नाही गं ती. हेमाचं घर आहे, आत दिवा नाही. आईला सांगून बघितलं, आई म्हणाली, "लग्नानंतर मुली बदलतात."

राजनला इथली नोकरी सोडून कणकवलीला परत जायचं होतं, मी जाऊ दिलं नाही. का ते मला तेव्हा सांगता येत नव्हतं. यंदा कळलं.

आमच्या हेल्थ सेंटरमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर हमीदा असते. इथलीच. तिचे वडील मुंबईशी व्यापार करायचे, त्यामुळे हिंदी चांगलं बोलते. ते ढीग पाडून जे हमद टाउन झालं, तिथे तिला नवं घर मिळालं. एकदा तिनं मला सहज विचारलं, "चारू, तुमच्यात 'ताई' कोणाला म्हणतात?"

मी म्हटलं, मोठ्या बहिणीला. का?

तिनं हातातली फाईल मिटली. मग म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीतून दुपारी एक मुलगी बोलते. पलीकडे घर नाही, नुसती माती आहे."

मी रजा टाकून त्याच दुपारी तिच्याबरोबर गेले. स्वच्छ, नवं घर. स्टीलची भांडी, खिडकीत मनीप्लँट. बाहेर पांढरं ऊन. आम्ही दोघी भिंतीशी उभ्या राहिलो. मला काही ऐकू येईना. फ्रीजची घरघर, बस. मी कान लावला, गाल लावला. भिंत गार होती आणि तिला ओल्या मातीचा वास येत होता.

हमीदानं माझा दंड धरला. "सुरू झालं... तुला ऐकू येत नाही?"

"काय म्हणते? जसं ऐकू येईल तसं सांग."

ती एकेक अक्षर जुळवत म्हणाली, "ताई... ऊन... लागतंय."

मी भिंतीवर मुठी आपटल्या. स्मिता, मी ओरडले, "हेमा! मी आलेय! ऊठ, चल घरी!" घसा फुटेस्तोवर ओरडले. माझ्या बहिणीनं मला सहा वर्षं हाका मारल्या आणि मला एक ऐकू आली नव्हती.

मग थांबले. हमीदा माझ्याकडे विचित्र बघत होती. भिंतीकडे, पुन्हा माझ्या तोंडाकडे.

"काय झालं? काय म्हणाली?"

"ती म्हणाली..." हमीदा पुन्हा अक्षरं जुळवायला लागली. "'ताई, कोण गं ओरडतंय तिकडे?'"

"मग सांग तिला! मी आहे म्हणावं!"

"थांब, चारू... तिला कुणीतरी उत्तर देतंय." हमीदानं भिंतीला कान लावला, मग माझ्याकडे वळली. "आवाज तुझा आहे. पण तुझं तोंड तर मिटलेलं आहे."

मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं.

तिनं डोळे मिटले आणि तिला न कळणारे ते शब्द, माझ्याच हेलात, एकेक करून म्हणून दाखवले.

"'कुणी नाही गं. तू बस.'"