जयंतरावांचं रक्त

मेलेल्या माणसाचं रक्त ठणठणीत होतं.

नॉटिंगहॅममधल्या त्या स्वाइन फ्लूच्या हिवाळ्यात युनिव्हर्सिटीत देविकाचं काम एकच: घरी पडलेल्या रुग्णांचा ताप, नाडी आणि रक्त एकत्र मांडायचं, आणि विषाणू शरीरात काय धिंगाणा घालतोय ते वाचायचं. त्यातल्या जयंतरावांचा ताप रोज चढत होता. रक्तात मात्र संसर्गाची खूणही नव्हती. कॉम्प्युटरने रक्तावर विश्वास ठेवला. ‘सुधारताहेत’ म्हणाला. हॉस्पिटलने बोलावलंच नाही आणि ते घरीच गेले.

त्यांच्या पत्नीने, लीलावतीबाईंनी, तक्रार केली: नर्स आशाने रक्ताच्या नळ्या बदलल्या. आशा सस्पेंड झाली.

“मी दारातूनच नळी उचलायचे गं,” आशा फोनवर रडत होती. “आत जायची मनाईच होती. व्हिसा जाईल माझा, देविका. काहीतरी शोध!”

देविकाने सगळ्या नळ्या पुन्हा तपासून घेतल्या. मग ती लीलावतीबाईंकडे गेली.

“तेरावं व्हायचंय अजून. चहा चालतो ना तुला?” कप पुढे करणाऱ्या बोटांच्या टोकांवर बारीक काळसर ठिपके होते. “एका खोलीत होतो, पण मला साधी शिंक नाही आली बघ.”

“काकू, सुई कोण टोचायचं?”

“मीच. दुसरं कोण आहे घरात?”

“कोणाला?”

बाईंचा हात थबकला.

“नळ्या बदलल्या असत्या, तर त्यात वेगवेगळ्या लोकांचं रक्त निघालं असतं,” देविका हळू म्हणाली. “हे रोज एकाच माणसाचं आहे. आणि पुरुषाच्या रक्तात असतातच अशी जनुकं त्यात नाहीत. बाईचं रक्त आहे, काकू. या घरात बाई एकच.”

“सुई बघून पोरासारखे रडवेले व्हायचे गं. कुठे झोपमोड करायची? इतकी वर्षं एका ताटात जेवलो, त्यांचं काय नि माझं काय! म्हटलं, आपलंच देऊ.” त्यांनी कप खाली ठेवला. “युनिव्हर्सिटीचा अभ्यासच होता ना तो?”

“हॉस्पिटलात कुणाला न्यायचं, ते त्यावरूनच ठरायचं.”



“म्हणजे त्यांचं पाठवलं असतं, तर...”

देविकाची खोटं बोलायची तयारी होती. पण मान ‘हो’ म्हणूनच हलली.

“तक्रार मागे घेते,” बाई म्हणाल्या. “पोरीचं नुकसान नको. एक करशील? तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ते बरे होताहेत ना? तसेच राहू देत.”

देविका हो म्हणाली.

सोमवारी ऑफिसात पोचल्यावर तिने कोट न काढताच ती ‘सुधारताहेत’ म्हणणारी ओळ पुसली.