छपरातलं समुद्रगवत

नेउसनं घराचा नकाशा टेबलावर पसरला, तर लारिया मावशीनं आधी त्यावर सुक्या अंजिरांची ताटली ठेवली आणि मग ती चष्मा शोधायला गेली. नेउसला तिचं हेच आवडायचं. स्पेनच्या फॉर्मेंतेरा बेटावर वास्तुरचनाकार म्हणून नेउसनं अकरा घरं बांधली होती, पण नकाशाचा असा पाहुणचार दुसऱ्या कुणी केला नव्हता.

"दक्षिणेला मोठी खिडकी, उत्तरेला एकही नाही," नेउस सांगू लागली. "भिंती दोन हात जाड, दगडाच्या, वर चुना. छपराला सबिनाच्या लाकडाच्या तुळया, त्यावर वाळलेलं समुद्रगवत, मग कोळशाची राख, मग चिकणमाती. तुझ्या आजोबांनी केलं असतं तसंच."

"मग तुझं शिक्षण कुठं कामाला आलं गं?"

"खिडकीत आलं, मावशी."

मावशी खळखळून हसली. तिचा मुलगा विसेंत मात्र हसला नाही. गेल्या हिवाळ्यात जुन्या ओल्या घरात आईला न्यूमोनिया झाला, तेव्हापासून तो तिला शेजारच्या इबिझा बेटावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये न्यायला टपला होता. शेवटी मायलेकांचा करार झाला होता. घर नव्यानं बांधायचं आणि एक अख्खा जानेवारी महिना बघायचा. शेगडी न पेटवता आईची झोपायची खोली अठरा अंशांच्या खाली गेली नाही, तर ती इथंच राहील. गेली, तर बोचकं बांधायचं.

"आई, शब्द दिलायस हं."

"दिलाय रे बाबा. तुझ्या त्या चौथ्या मजल्यावर मला काय कबुतरं राखायला नेतोयस?"

नेउसपुढे मावशीची एकच अट होती. झोपायच्या खोलीवरचं गवत उत्तरेच्या लहान खाडीतलंच हवं. एकतीस वर्षांपूर्वी तिचा नवरा तोमेउ रोजच्यासारखा पहाटे चारला होडी घेऊन निघाला आणि रोजच्यासारखा दुपारी बाराला परतला नाही. त्या खाडीत एक वल्हं तेवढं सापडलं.

शरदातल्या वादळानंतर दोघी गवत गोळा करायला गेल्या. भाजी निवडताना बोलावं तशी मावशी म्हणाली, "समुद्र त्याला थोडा थोडा परत करत असणार. त्यातला तो कुठला आणि गवत कुठलं, मला ओळखू येत नाही. म्हणून सगळंच घेते."

नेउसनंही काही न निवडता पाटी भरली, कारण त्या घडीला या म्हातारीवर तिचा फार जीव जडला होता.

गवताचं मीठ निघायला हिवाळ्याचा पाऊस लागतो. तो हिवाळा मावशीनं विसेंतकडे कुरकुरत काढला. उन्हाळ्यात छप्पर चढलं, डिसेंबरात मावशी घरी आली. खोलीतल्या उबेचा हिशेब नेउसनं तीनदा केला होता आणि तीनदाही उत्तर साडेसोळा अंश आलं होतं. भिंत आणखी वाढवून झाली, खिडकीला दुहेरी काच झाली, तरी दीड अंश कमीच पडत होता. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

खोलीत बसवलेल्या तापमापकांचे आकडे तिच्या कामाच्या टेबलावरच्या संगणकात उमटत. जानेवारीत बेटावर हाडं गोठवणारी ओल पडली. खोली अठराच्या खाली गेली नाही.

नेउसच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ती थेट घरी गेली. शेगडी गार होती. तिच्यावर मावशीनं फुलांची कुंडी मांडली होती. घरात कुत्रं नव्हतं, मांजर नव्हतं.

"मावशी, खरं सांग. विस्तव केला होतास?"

"माझ्या शब्दाला काय वाळवी लागलीय का?"

नेउस परतली आणि पुन्हा हिशेबाला बसली. त्यात तिनं राहणाऱ्या माणसाच्या अंगाची ऊबही धरली होती. एका माणसाची. सहज, चेष्टेनं, तिनं तिथं दोन माणसं धरली.

उत्तर आकड्यांशी तंतोतंत जुळलं.

मग तिनं वेळा पाहिल्या. जास्तीची ऊब पहाटे चारला जायची आणि दुपारी बाराला परत यायची. सूर्याचा हिशेब वजा केला तरीही.

तीन दिवस मात्र ती ऊब गेलीच नव्हती. नऊ, दहा आणि सतरा तारीख.

तिनं बंदरावर फोन करून विचारलं.

"त्या तिन्ही दिवशी? उत्तरेचा वारा होता की. एकही होडी बाहेर पडली नाही."

दुसऱ्या दिवशी मावशी टणक पाव पाण्यात भिजवत होती, तेव्हा नेउसनं हळूच विचारलं, "पहाटे चारला इथं काय होतं गं?"

"मला काय ठाऊक? मी झोपलेली असते." मावशीनं पावावर वाळवलेल्या माशाचे तुकडे पसरले. "पूर्वीही उठताना तो मला कधी उठवायचा नाही. फार गुणाचा."

महिनाअखेरीस विसेंत आला. त्यानं आकडे पाहिले, आईच्या गालाचा मुका घेतला आणि म्हणाला, "जिंकलीस, बाई." दुसऱ्या माणसाबद्दल नेउसनं तोंडाला कुलूप लावलं. मावशीचं घर राहिलं होतं; तिला तेवढं पुरे होतं.

मार्चमधल्या एका सकाळी समुद्र तळ्यासारखा शांत होता. नेउसनं कॉफी ओतून घेतली आणि संगणकाच्या पडद्यावरची तापमानाची रेघ पाहिली.

पहाटे चारला रेघ रोजच्या दुपटीनं उतरली होती.

आठ वाजता विसेंतचा फोन आला. आई झोपेतच गेली होती. शेजारणीला सकाळी कळलं.

दफन झालं, पाहुणे पांगले. चौथ्या दिवशी विसेंतनं दाराला कुलूप घातलं आणि किल्ली नेउसच्या हाती दिली. "ती यंत्रं काढून घे. आता घरात कुणीच नाही."

नेउस यंत्रं काढायला गेली नाही. टेबलाशी बसून राहिली. दुपारी बाराला रेघ वर चढली. तिनं हिशेब केला, मग डोळे पुसून पुन्हा केला.

दोन माणसं.

दुसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. होड्या बंदरातच राहिल्या. रेघ दिवसभर खाली आली नाही.