परत आलेल्या सहा पट्ट्या

फोन साडेदहाला आला. धम्मदिना टेमघरच्या घरी उत्तरपत्रिका तपासत बसली होती.

"बेटा, मोहिउद्दीन बोलतोय. वडप्याहून." पलीकडून गोडाऊनचे शेठ बोलत होते. "तुझ्या बाबांच्या वेळचा माल परत आलाय."

"कुठला माल?"

"तोच. गॅडोलिनियमच्या, त्या महागड्या धातूच्या सहा पट्ट्या. कुणीतरी गुपचूप आणून ठेवल्यात. तू ये. चार वाजता मी पोलिसांना बोलावतोय."

"कुणासाठी?"

"दामूसाठी."

तिने लाल पेनाला टोपण लावलं. बाबांना जाऊन एकाहत्तर दिवस झाले होते. मोहिउद्दीन शेठच्या गोडाऊनमध्ये त्यांनी बावीस वर्षं चाव्या सांभाळल्या आणि गेले ते चोर म्हणून.

गोडाऊनच्या मागे पत्र्याची शेड होती. मे महिन्याच्या त्या उन्हात आत उभं राहवत नव्हतं. टेबलावर सहा पट्ट्या ओळीने मांडल्या होत्या. वीतभर लांब, मळक्या चांदीच्या रंगाच्या, प्रत्येकीवर ठोकलेला नंबर. भिंतीला टेकून दामू बसला होता. शेलार गावचा जुना हमाल, बाबांच्या वयाचा. त्याने मान वर केली नाही.

सुपरवायझर अफजलच्या हातात चुंबक होता. जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेला, दोरीला बांधलेला. अफजल भंगाराच्या धंद्यातून आलेला. त्या धंद्यातला माणूस घड्याळ विसरेल, चुंबक विसरणार नाही. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर किमतीचं.

"सकाळी भंगारवाला आला होता," अफजल म्हणाला. "म्हटलं, जानेवारीपासून पडलेलं ते लोखंडपण घेऊन जा. त्याने चुंबक लावला न् म्हणाला, ये लोहा नहीं है. हे बघा."

त्याने एक पट्टी उचलून तिला खालच्या बाजूने चुंबक लावला आणि हात काढला. चुंबक टक्कन टेबलावर पडला.

"ऑक्टोबरमध्ये माल आला तेव्हा?" धम्मदिनाने विचारलं.

"तेव्हापण नव्हता चिकटला. मीच बघितलं होतं. तुमच्या बाबांनी, मिलिंदभाऊंनी, न् मी, दोघांनी सह्या केल्या."

"आणि जानेवारीत?"

"गिऱ्हाईक माल न्यायला आलं. पेटी उघडली, चुंबक लावला तर गच्च बसला. म्हणजे माल बदललेला. चावी भाऊंकडे." तो अडखळला. "मॅडम, पुढचं तुम्हाला माहीत आहे."

"तुम्ही सांगा."

"भाऊ म्हणाले, माझी पोरगी बारावीला केमिस्ट्री शिकवते, तिला बोलवा, ती सांगेल. तुम्ही आलात. स्वतः चुंबक लावलात, वजन केलंत. वजन तर बरोबर भरत होतं. तुम्ही म्हणालात, या धातूची न् लोखंडाची घनता जवळजवळ सारखीच असते, चोराने विचार करून लोखंड निवडलंय."

चोराने. तो शब्द तिचाच होता. तेव्हा बाबा तिच्यासमोर उभे होते. ते एवढंच म्हणाले होते, "तू म्हणतेस तर लोखंड असेल. मी बदललं नाही."

शेठनी तेव्हा पोलिसांना बोलावलं नव्हतं. भरपाई स्वतः दिली आणि चाव्या ठेवून घरी जायला सांगितलं. त्याच संध्याकाळी बाबांनी बुद्धविहाराच्या कपाटाची चावीही समितीकडे परत केली. मार्चमध्ये त्यांचं हृदय बंद पडलं.

"आता सगळं उघड आहे," अफजल म्हणाला. "हा भाऊंचा साथीदार, त्यांच्या सगळ्यात जवळचा हाच. भाऊ गेले, हा घाबरला. खरा माल आणून ठेवला न् लोखंड उचलून नेलं."

धम्मदिना दामूसमोर खाली बसली.

"दामूकाका, या पट्ट्या तुम्ही आणून ठेवल्यात?"

"न्हाय."

"मग कुणी?"

"मला काय ठाव, बाय."

"जानेवारीत पेटी कुणी बाहेर काढली?"

"मीच."

"कुठून?"

"चाकलेटच्या गार खोलीतून."

"धातूची पेटी चॉकलेटच्या खोलीत?"

"भाऊनं ठिवली. दमट हवेनं त्याची पांढरी पूड सुटं. भाऊ म्हनं, दुसऱ्याची चीज हाय, खराब व्हाया नको."

"त्या दिवशी एक पट्टी तुमच्या हातातून पडली."

"बोटं बधिरली व्हती. चार लंबरची पडली न् लादी फुटली. शेठनं शिव्या मातर मला घातल्या." तो किंचित हसला आणि पुन्हा गंभीर झाला.

"त्यानंतर या पट्ट्यांना कुणी हात लावला?"

दामू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला.

"मला नको इचारू."

"बघितलंत?" अफजल म्हणाला.

तिने चार नंबरची पट्टी उचलून दारात, उजेडात धरली. एक कोपरा चेपला होता. तिने खाचेतून नख फिरवलं. नखाला विटकरी चुरा लागला, गोडाऊनच्या लादीचा. बाकीच्या पट्ट्याही तिने उलटसुलट पाहिल्या. कुठेकुठे पांढुरका थर होता, बोट लावलं की सुटणारा. तांबडा ठिपका एकीवरही नव्हता.

रिकामी पेटी कोपऱ्यात होती. झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी डकवलेली. अक्षर बाबांचं. *दमट हवेत पूड सुटते. १२ नोव्हेंबरपासून थंड खोलीत. मिलिंद.*

ती गोडाऊनमधून चालत चॉकलेटच्या खोलीपर्यंत गेली. दारावरच्या तापमानाच्या काट्यावर आकडा होता बारा. तिथेच उभं राहून तिने फोनवर काहीतरी शोधलं. एक ओळ वाचली. परत वाचली. मग गार दाराला हात लावून पाहिला.

परत आली तेव्हा तिचा आवाज वर्गात असतो तसा होता.

"चाचा," ती शेठना म्हणाली, "दुपारची, जोहरची नमाज कधी?"

"सव्वा वाजता."

"जाऊन या. तोवर ही चार नंबरची पट्टी चॉकलेटच्या खोलीत ठेवू. अफजलभाई, तिच्यावर मार्करने सही करा. खोलीची चावी तुमच्याच खिशात राहू दे. आणि जानेवारीत इथे जे जे उभे होते त्या सगळ्यांना अडीच वाजता बोलवा."

"सगळ्यांना कशाला?" शेठनी विचारलं.

"तेव्हा सगळे होते."

अडीच वाजता नऊ हमाल शेडबाहेर जमले. दामू त्यांच्यापासून लांब उभा राहिला. अफजलने खोली उघडून पट्टी फडक्यात धरून आणली.

"सही तुमचीच?"

"माझीच."

"चुंबक लावा."

त्याने लावला. चुंबक गच्च बसला. अफजलने ओढून पाहिला, मग सही पाहिली, मग पुन्हा ओढून पाहिला.

"लोखंड झालं की हे!" मागून कुणीतरी म्हणालं.

धम्मदिनाने दोन विटा उन्हात मांडल्या आणि पट्टी त्यांच्यावर आडवी ठेवली. खाली चुंबक लटकत होता. "थांबा," ती म्हणाली. सगळे थांबले. हायवेवरून कंटेनर जात होते. पाच मिनिटं झाली, सात झाली. एकाने तंबाखू मळायला घेतली.

टक्क. चुंबक मातीत पडला.

"हा धातू वीस अंशांच्या खाली चुंबकाला धरतो," ती म्हणाली. "त्याच्या वर तापला की सोडतो. लोखंडाला सोडायला लावायचं तर सातशे अंशांच्या पुढे तापवावं लागतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात चुंबक चिकटला नाही. जानेवारीत पेटी बारा अंशांच्या खोलीतून थेट टेबलावर आली, आणि सकाळच्या गारठ्यात मी येईपर्यंत पट्ट्या गारच राहिल्या. दामूकाकांची बोटं बधिरली होती इतकी ती गार होती. तेव्हा चिकटला. आज शेड तापलीय, परत सोडला. पट्ट्या त्याच आहेत. चार नंबरचा कोपरा जानेवारीत सगळ्यांसमोर चेपलाय, त्यात अजून आपल्या लादीचा चुरा आहे. लोखंड असतं तर एव्हाना तांबडं पडलं असतं. कुणी काही नेलं नाही, कुणी काही आणलं नाही."

"मग चोर?" शेठनी विचारलं.

"चोर नव्हताच. गुन्हा मात्र झालाय." तिने हात मागे बांधले. "अफजलभाईंनी चुंबक लावला, ते त्यांचं काम. तुम्ही जाणकाराला विचारलंत, बरोबर केलंत. जिला माहीत असायला हवं होतं ती मी. हा धातू माझ्या पुस्तकात आहे. आवर्तसारणीच्या तळाशी एक ओळ असते अशा धातूंची. परीक्षेला येत नाही म्हणून दरवर्षी मी ते पान उलटते. त्या दिवशी मला 'ठाऊक नाही' म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. घनतेचं तेवढं मला येत होतं, तेवढं बोलून मोकळी झाले. माझ्या बापाला मी तुमच्यासमोर चोर म्हटलं. तो चोर नव्हता. हेही तुमच्यासमोरच बोलायला हवं होतं."

 तंबाखू मळणाऱ्याचा हात तसाच राहिला.

शेठ विटेजवळ गेले, वाकून चुंबक उचलला. "बेटा, मी त्याला बावीस वर्षं ओळखत होतो," ते म्हणाले. "मला चुंबक कशाला हवा होता?" त्यांनी चुंबक अफजलच्या हातात दिला. "बेटा, उद्या विहारात समितीला जमव. मी येऊन सांगतो. फोनवर नको."

अफजल दामूकडे गेला.  "काका, चुकलं माझं."

"चाराला पोलीस येनार व्हते ना?" दामू म्हणाला. "नको सांग त्यास्नी. आन् त्यांचा च्या आमाला पाज."

दोघं-तिघं हसले. मग एकेक करून सगळे कामाला गेले.

धम्मदिना पट्ट्या पेटीत भरू लागली. दामू मुकाट्याने हातभार लावत होता. शेवटची पट्टी ठेवून तो उभा राहिला.

"बाय, मघाशी इचारलंस, पट्ट्यांना कुनी हात लावला."

"हं."

"आता तू तुज्या तोंडानं बोललीस म्हनून सांगतो. भाऊनं लावला. त्याच दिशी, दुपारच्याला. डबा घ्याया आला, इथं ऊन लागून पत्रा तापलेला. जाताना पट्टीला चुंबक लावला. पडला. पुन्यांदा लावला. पुन्यांदा पडला."

तिने हातातलं झाकण खाली ठेवलं.

"मग बोलले का नाहीत?"

"मी म्हनलं, चल, आत्ताच शेठला दावू. भाऊनं माजं मनगट धरलं. म्हनला, गप ऱ्हा, दामू. चार मानसांत बोललीय ती. तिला उद्या वर्गात उभं ऱ्हायाचं हाय."