हिरव्या शाईची सवत

तिसरा खंड एकच होता आणि त्यावर हात दोन पडले. एक तिचा, दुसरा ग्रीसचे डाग लागलेला.

"सोडा," ती म्हणाली.

"तुम्ही सोडा. दुसरा खंड संपून चार दिवस झाले, राणी अजून बुरुजावर लटकतेय!"

"लटकू दे. तशीही आगाऊच आहे ती."

तो हसला, आणि... कुणाची पकड सुटली कोण जाणे, पुस्तक धपकन खाली पडलं. वाचनालयाच्या बाईंनी चष्म्यावरून असं काही पाहिलं, की दोघंही एकदमच ते उचलायला वाकले.

ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. नाद मात्र दोघांचा एकच, विज्ञानकथा आणि जादूटोण्याच्या जाडजूड कादंबऱ्या. मग दर गुरुवारी त्याच कपाटापाशी भेटायचं आणि भांडायचं, असं ठरल्यासारखंच झालं.

"ही नायिका यंत्रमानवाच्या प्रेमात पडतेच कशी?" ती विचारायची.

"का? निदान तो वेळेवर तरी येतो," असं म्हणून तो घड्याळाकडे बघायचा, मग तिच्याकडे... जरा जास्तच वेळ. तिच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

सगळं कसं छान चाललं होतं. मध्येच ही हिरवी शाई कडमडली.

वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कागद चिकटवलेला असे. वर छापलेलं, 'वाचकाचं मत'. नाव लिहायची सक्ती नव्हती. आणि हा पठ्ठ्या नवं पुस्तक हातात आलं की आधी तो कागद उघडायचा, हिरवी अक्षरं शोधायचा, एकदा वाचायचा, पुन्हा वाचायचा. कधी गालातल्या गालात हसायचा, कधी तोंड एवढंसं करायचा. ती शेजारीच नवे कानातले घालून उभी असायची. पण नाही! तिची जणू तिथे हजेरीच नाही.

"कोण लिहितं हो हे?" तिने एकदा उगाच विचारल्यासारखं विचारलं.

"आहे... ओळखीचं माणूस," तो म्हणाला आणि त्याने पान मिटलं.

माणूस म्हणे! तिने ती सगळी पुस्तकं एकेक करून घरी नेली. मतं फर्मास होती, हे तिला नाइलाजाने मान्य करावं लागलं. 'ड्रॅगन झकास, राजपुत्र बावळट.' 'साठ पानं नकाशा समजून घेण्यात घालवली, मग कळलं की नकाशाच चुकलाय.' 'मंगळावर वस्ती केली, पण भांडणं इथलीच नेली. हे मात्र पटलं.' पण बाई की बुवा? 'मला आवडलं', 'मी वाचलं', 'मला झोप आली'... आपली मराठी अशी लबाड, की इतकं लिहूनही माणसाचा पत्ता लागू देत नाही.

आणि मग एका नव्या अंतराळ-कादंबरीच्या मागे सापडलं. 'बापाचा निरोप पृथ्वीवर पोचेपर्यंत मुलगा म्हातारा झालेला. बाकी पुस्तक ठीकठाक. शेवटी मी रडले.'

रडले! म्हणजे बाईच! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जिला ड्रॅगनवर विनोद करता येतात आणि वर वेळेवर रडूही येतं, तिच्यापुढे आपला काय टिकाव लागणार? त्या दिवशी तिने दोन भिंगं फोडली आणि मालकांची बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात आला. त्याच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता.

"तिच्याकडेच जा ना कसून घ्यायला," ती म्हणाली.

"कुणाकडे?"

"हिरव्या शाईकडे! कोण आहे ती, एकदाच सांगून टाक. म्हणजे मी गुरुवारी यायचं बंद करते." रागाच्या भरात ती तुम्हीवरून थेट तूवर आली होती. ती अंतराळ-कादंबरी तिने काउंटरवर आपटली.

चष्मा नसल्यामुळे त्याने कागद नाकाशी धरला. आधी त्याला हसू फुटलं. मग ते हसू अर्ध्यावरच थांबलं.

"ते रडले नाही..." तो हळूच म्हणाला, "रडलो असणार. हे माझे बाबा आहेत."

तिने झटकन डोळ्याला भिंग लावलं. कागदाची घडी नेमकी त्या अक्षरावरून गेली होती आणि घडीत 'लो'च्या कान्याची शाई उडून नुसता 'ले' उरला होता. निबेचा ओरखडा मात्र चांगला ठसठशीत! ज्या बाईच्या नावाने ती कालपासून बोटं मोडत होती, ती निवृत्त मुख्याध्यापक निघाली.

"आठ महिने बोलत नाहीत माझ्याशी," तो म्हणाला. "कॉलेज सोडून लिफ्टच्या कामात शिरलो म्हणून. जेवतो एकाच टेबलावर, पण मीठसुद्धा आईमार्फत मागतो. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला या कागदांवरूनच कळतं. हे... हे मी वाचलंच नव्हतं."

ती शरमेने अर्धी झाली होती. तिने त्याचा स्क्रू कसून दिला, काच पुसली, पुन्हा पुसली.

"आणि खरंच बाई असती तर?" त्याने विचारलं.

"तर तिला चुकीच्या नंबरचा चष्मा करून दिला असता. फुकट!"

तो खो खो हसला, पण डोळे भरलेलेच होते. "येशील माझ्याबरोबर... घरी? आज एकट्याने नाही जमायचं."

तिने मालकांकडे तासाभराची सुट्टी मागितली.

दार वडिलांनीच उघडलं. उंच, कडक इस्त्रीचे, बोटाला हिरवा डाग. बापलेक एकमेकांकडे नुसते बघत राहिले. वडील दारातून बाजूला होईनात. तिला वाटलं, आता दार मिटणार. तेवढ्यात त्याने तिचं मनगट घट्ट धरलं.

"बाबा," तो म्हणाला, "मला ही आवडते."

म्हातारबुवांनी तिला नखशिखांत न्याहाळलं. खाकरले. "मग दारात काय उभी केलीस? आत आण," म्हणाले, आणि आवाज फुटला तसे घाईघाईने पाठ फिरवून आत गेले.

ती उंबऱ्यावरच खिळली. जे वाक्य ऐकायला ती इतके गुरुवार जीव टाकत होती, ते याने आधी कुणाला सांगितलं? बापाला! आनंदाने रडायला येत होतं, हसूही येत होतं, आणि अगदी खरं सांगायचं तर, तिला त्या म्हाताऱ्याचा पुन्हा हेवा वाटला.