ठोंब्याचे गुणधर्म

तर्कशास्त्राच्या वर्गात देवाचा विषय काढला की मुलं जागी होतात, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव. त्यासाठी मी ठोंब्या तयार केला होता. फळ्याशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवायचं आणि सांगायचं, इथे ठोंब्या बसलाय. तो दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही, त्याला वजन नाही. "आता तो नाही हे सिद्ध करा. जमत नाही? मग देव मानणाऱ्यात आणि ठोंब्या मानणाऱ्यात फरक काय?" तास संपेपर्यंत हशा.

"फरक एवढाच," बायको घरी म्हणायची, "माझा अडीअडचणीला उभा राहतो. तुमचा नुसता बसून असतो."

यंदा तिच्या डोक्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा दिवस दिला आणि जगण्याची शक्यता टक्क्यांत सांगितली. आकडा सोपा होता, तरी मी तो दोनदा विचारून घेतला.

तिसऱ्या मजल्यावरची खोली. एक खाट, एक स्टीलची खुर्ची, फिनेलचा वास. मी खुर्ची ओढायला गेलो.

"तिथे नको. बसलेत."

"कोण?"

"तुमचे ते."

मी हसलो. ती हसली नाही. गाठीच्या दाबाने असे भास होतात, असं डॉक्टर म्हणाले, आणि मला हायसं वाटलं. एरवी 'भास' हा शब्द मी तिच्या देवासाठी राखून ठेवला होता.

पण सलाईन लावायला आलेली नर्स खुर्चीला वळसा घालून गेली. फरशी पुसणाऱ्या मावशींनी खुर्चीखालचं सगळं पुसलं आणि समोरची दोन पावलांएवढी जागा कोरडी ठेवली.

"मावशी, एवढं राहिलं."

त्यांनी खाली पाहिलं. "राहिलं खरं," म्हणाल्या आणि बादली उचलून निघून गेल्या.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी मी बायकोला विचारलं, "तुझा देव काय म्हणतोय?" चेष्टेत विचारायचं होतं. तसं जमलं नाही.

"दारापर्यंत येतो. खुर्चीकडे बघतो आणि परत जातो." तिने खुर्चीकडे मान वळवली. "अहो, हे स्वभावाने कसे आहेत?"

बावीस वर्षं मी त्याचं रूप काढून घेतलं, आवाज काढून घेतला, वजन काढून घेतलं. स्वभाव द्यायचा राहूनच गेला. तिच्या लोकांनी निदान आधी देवाला दयाळू ठरवून घेतलं होतं. माझ्या युक्तिवादाला त्याची गरज नव्हती.

"दयाळू आहे," मी खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हणालो. व्याख्या मध्येच बदलायची नाही, असं मीच शिकवतो.

बायकोने खुर्चीकडे पाहिलं.

"ऐकलं त्यांनी," ती हळूच म्हणाली. "हसले."

मी उठलो आणि दाराकडे तोंड करून आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले. दारात कोणी नव्हतं.

सकाळी तिला ट्रॉलीवरून नेलं. लिफ्टमध्ये शिरताना तिने माझ्याकडे हात पुढे केला. तो अर्ध्यावर थांबला. मनगटावर चार पांढुरके ठसे उमटले, दाबून धरल्यासारखे.

"ताई, हात आत घ्या," ट्रॉलीवाला म्हणाला.

हात आत गेला. तिने घेतला नव्हता.