गुलगुले आणि युद्धनौका

"रिंकू, ठेव तो खाली! तिसरा आहे तुझा!" हिमांशू ओरडला.

"दुसरा आहे! तिसरा अजून ताटात आहे. मी फक्त त्याच्याकडे पाहून राहिली."

गावदेवी मातामायच्या देवळाच्या पायऱ्यांवर हशा पिकला. पूर्वेकडच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावजवळच्या या गावात दिवाळीची सुट्टी लागली होती, शेतातल्या बांध्यांमध्ये धानाची कापणी चालू होती आणि दुलारीकाकीने आज पुन्हा गुलगुले आणले होते. गव्हाचे, गुळाचे, गरमागरम!

काकी गुलगुले का वाटते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिचा मुलगा खिलेश नौदलात होता. दूर आखातात एक सामुद्रधुनी आहे, म्हणजे दोन देशांच्या मधली समुद्राची अरुंद पट्टी. तिच्यावरून भांडण पेटलं होतं. तिथून जाणाऱ्या मालवाहू जहाजांवर केव्हा गोळा येऊन पडेल याचा नेम नव्हता. म्हणून खिलेशची युद्धनौका त्यांना सोबत करी. ती केव्हा निघणार, हे तो आईलाही सांगत नसे. तो एवढंच म्हणे, "आई, काही दिवस फोन लागणार नाही." काकी काय ते समजे आणि दुसऱ्या दिवशी मातामायला गुलगुल्यांचा नैवेद्य दाखवून पोरांना वाटे.

संध्याकाळी हेमेंद्रच्या मोबाइलच्या दुकानापुढे गर्दी जमली. हेमेंद्र मोबाइल दुरुस्त करी आणि आता इंटरनेटवर स्वतःचं चॅनलही चालवी. तो कॅमेऱ्यापुढे बोट नाचवत म्हणाला, "लिहून ठेवा! एकदोन दिवसांत आपली युद्धनौका सामुद्रधुनीत शिरणार!"

आणि तसंच झालं! दोन दिवसांनी टीव्हीवर बातमी आली की नौदलाने तीन जहाजं सुखरूप पार नेली. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बारा वर्षांच्या भूमेश्वरीने मात्र विचारलं, "हेमेंद्रभाऊ, तुमाले आधीच कसं कळते?"

"भरती, ओहोटी, चंद्र! अभ्यास लागते, भूमे. तू आपले पाढे पाठ कर."

सगळे हसले. भूमी हसली नाही. एखादी गोष्ट कळली नाही की ती तिच्या डोक्यात दातात अडकलेल्या तुसासारखी टोचत राही. रिंकू आणि हिमांशू या सवंगड्यांबरोबर घरी जाताना ती म्हणाली, "हिमांशू, मागच्या वेळी भाऊंनी सांगितलं तेव्हा पुनवेचं चांदणं होतं. आपण अंगणात कबड्डी खेळलो होतो."

"हाव. अन् तू माझी चड्डी फाडली होती."

"या वेळी चंद्र अर्धाच आहे. मग चंद्राचा काय संबंध? दोन्ही वेळी सारखं काय होतं, ते सांग."

हिमांशूने डोकं खाजवलं. रिंकू बोटं चाटत म्हणाली, "गुलगुले!"

हिमांशू खो खो हसला. भूमी मात्र वाटेतच थांबली.

"पुन्हा म्हण."

"गुलगुले. त्याच्याही आधी एकदा काकीने वाटले, तेव्हाही भाऊ संध्याकाळी बोलले होते. खाण्याचं मी विसरत नाही."

तिघं हिमांशूच्या घरी गेले आणि त्याच्या बाबांच्या मोबाइलवर हेमेंद्रचे व्हिडिओ पाहू लागले. खाली लोकांचे शेरे होते. काही मराठीत, काही हिंदीत आणि कितीतरी अशा लिपीत, जी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. एकाने हिंदीत लिहिलं होतं, "अगली बार कब? हमें पहले बताना."

भूमीने तो शेरा दोनदा वाचला. "आपण टाळ्या वाजवतो, पण दुसरं कोण कोण ऐकून राहिलं? जहाज केव्हा येणार हे कळलं, की वाट पाहत बसता येते."

"चाल, आताच जाऊन भाऊंना पकडू!" हिमांशू उठलाच.

"थांब! ते म्हणतील, पोरं बडबडतात. आधी खात्री करू. गुलगुले वाटले पाहिजेत, पण खिलेशदादाचा फोन बंद नसला पाहिजे. मग भाऊ काय सांगतात ते पाहू."

रिंकूचा वाढदिवस त्याच आठवड्यात होता, म्हणून खोटं बोलावं लागलं नाही. "काकी, माझ्या वाढदिवसाला मातामायपाशी गुलगुले वाटाल का?"

"तुझ्यासाठी? करतो ना माय! खिलेश तर सध्या रोज बोलून राहिला. मीही खुशीतच आहो."

वाढदिवसाच्या सकाळी गुलगुले वाटले गेले. रिंकूने त्या दिवशी तर मोजणंच सोडून दिलं. आणि संध्याकाळी?

"ताजी खबर!" हेमेंद्र थेट प्रक्षेपणात ओरडला. "युद्धनौका निघाली! आज नाही तर उद्या सामुद्रधुनीत!"

तेवढ्यात रिंकू धापा टाकत आली आणि भूमीच्या कानाशी लागली. "खिलेशदादा व्हिडिओ कॉलवर काकीशी बोलून राहिला! नवी मिशी दाखवून राहिला!"

भूमीच्या ओठांवर वाक्य आलं होतं. समोर सगळं गाव होतं. पण कॅमेराही चालू होता! इथे 'गुलगुले' म्हटलं असतं, तर जे झाकायचं तेच तिने जगभर सांगितलं असतं. तिने ओठ घट्ट मिटले आणि हिमांशूला डोळ्याने खूण केली. हिमांशू हळूच दुकानात शिरला, आणि इंटरनेटच्या डब्याची पिन खटकन निघाली.

"अरे! कोण आहे रे तिकडे?" हेमेंद्र भडकला.

गर्दी पांगेपर्यंत भूमी तिथेच उभी राहिली. तिने शेजारच्या ओट्यावरच्या उदेलाल गुरुजींना बोलावलं आणि चंद्र, गुलगुले, शेरे असं सगळं त्यांच्या कानावर घातलं. गुरुजी निवृत्त झाले असले, तरी गावातले निम्मे लोक अजून त्यांना पाहून सरळ उभे राहत.

"भाऊ," भूमी हळू आवाजात म्हणाली, "खिलेशदादा कुठंच निघाला नाही. तो आता काकीशी बोलून राहिला. आजचे गुलगुले रिंकूच्या वाढदिवसाचे होते."

हेमेंद्रचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे तुमी मले फसवलं?"

"हेमेंद्र," गुरुजी म्हणाले, "पोरीनं तुझा चंद्र तपासला. आता तू हे शेरे नीट वाच. खिलेश अन् तू एका बाकावर बसत होते ना?"

हेमेंद्र वाचत गेला, आणि त्याचा चेहरा उतरला. 'पहले बताना' या शब्दांपाशी त्याचं बोट थांबलं. "मले वाटलं, लोकं माझं कौतुक करून राहिले," तो पुटपुटला. "खिलेश तर... गुरुजी, मी कधी त्याच्या वाईटावर नव्हतो."

"हे मले माहीत आहे. पण समुद्रावरच्या माणसाला त्याचा काय उपयोग?"

हेमेंद्रने सगळे व्हिडिओ बंद केले. सकाळी तो गुरुजींबरोबर पोलिसांकडे गेला आणि ते शेरे दाखवून आला. पोलिसांनी निरोप धाडला, "त्या पोरांना शाबासकी सांगा." गुरुजींनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "शंका येणं सोपं आहे. ती तपासली, हे चांगलं केलं. अन् योग्य वेळी गप्प राहिले, ते त्याहून चांगलं."

अवघड काम अजून बाकी होतं. काकीला सांगायचं होतं.

काकीने सगळं ऐकलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "म्हणजे मीच सांगून राहिली होती का? माझ्याच हातानं?"

"नाही काकी! तुमी फक्त देवीजवळ मागितलं," भूमी म्हणाली. "पण आता ते मनातल्या मनात मागा. मातामायले ऐकू येते."

काकीने पदराने डोळे पुसले आणि मान हलवली.

सुट्टी संपत आली होती. एका संध्याकाळी भूमी काकीच्या अंगणात धान पाखडायला मदत करत होती, तेव्हा खिलेशचा फोन आला. काकी ऐकत होती. मध्येच तिचा हात सुपावर थांबला, चेहरा पांढरा पडला.

"बरं," ती म्हणाली. "जेवलास का?"

फोन ठेवून तिने डोळे मिटले. ओठ क्षणभर हलले, आवाज मात्र आला नाही. भूमीला कळलं, आता काही दिवस फोन लागणार नाही. आपलं सूप घेऊन ती काकीच्या आणखी जवळ सरकून बसली.

रस्त्याने सायकलवरून कुणीतरी जात होतं. "काय दुलारीबाई, काय म्हणते खिलेश?"

काकीने सूप उचललं. धानाचा भुसा वाऱ्यावर उडाला.

"जेवला म्हणते," ती म्हणाली.